दोन पेपर, एकच मुलगी

नमस्कार. माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषयांच्या परीक्षांत ती कायम 90 टक्क्यांच्या वर असते. पदवीच्या प्रवेशासाठी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे कलचाचणी, लागते, म्हणून आम्ही तिच्याकडून दोन सराव परीक्षा सोडवून घेतल्या. पहिल्यात 58 पर्सेंटाइल आले, दुसऱ्यात 61. वेळ पुरला नाही, दोन्ही वेळा शेवटचे दहा-बारा प्रश्न राहिले. सोडवलेले बहुतेक बरोबर होते. माझ्या भावाच्या मुलाचं नेमकं उलट. शाळेत जेमतेम गुण, पण याच सराव परीक्षेत 93. भाऊ तिच्यासमोरच म्हणाला, "हिची घोकंपट्टी आहे, डोकं त्याचं आहे." तेव्हापासून ती गप्प आहे. तिच्या यादीतल्या काही विद्यापीठांना अ‍ॅप्टिट्यूडचे गुण लागतात, काहींना विषयांचे पेपर, आणि एका ठिकाणी गुण पाठवणं ऐच्छिक आहे. यातला कोणता पेपर खरं सांगतो? क्लास लावावा का? की अ‍ॅप्टिट्यूडवाल्या विद्यापीठांचा नाद सोडावा?
– एक आई

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. 'सोडवलेले बहुतेक बरोबर होते.' मी बरीच वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या आणि तपासल्या आहेत, त्यामुळे माझी नजर तिथेच थांबली. ज्याला समजत नाही त्याच्या चुका पेपरभर विखुरलेल्या असतात. ज्याला वेळ कमी पडतो त्याचा पेपर शेवटाकडे कोरा असतो. तुमची लेक दुसऱ्या प्रकारात आहे, आणि या दोन दुखण्यांवर एकच औषध चालत नाही.

आधी आकड्यांचा एक घोळ सोडवू. विषयांतले 90 हे टक्के आहेत. 58 आणि 61 हे पर्सेंटाइल आहेत. 58 पर्सेंटाइल म्हणजे तो पेपर देणाऱ्या दर शंभर जणांपैकी 58 तिच्या मागे. आणि हे शंभर कोण? प्रवेशाच्या तयारीला लागलेलीच मुलं, म्हणजे आधीच निवडक. तेव्हा '90 वरून 58 वर आली' असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा, कारण ती घसरण झालेलीच नाही. तसंच 58 वरून 61 ही प्रगतीही धरू नका. कुठल्याही चाचणीचा आकडा तेवढा मागेपुढे हलतोच. अमेरिकेतल्या सॅट या महाविद्यालय-प्रवेशाच्या चाचणीत एका विभागाचे गुण 200 ते 800 या पट्टीवर मिळतात, आणि तिथे साधारण 30 गुणांचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो, असं ती चाचणी घेणारी संस्थाच सांगते.

आता तुमच्या भावाचं वाक्य. ते त्यांच्या मनाने काढलेलं नाही. अशी चाचणी जन्मजात बुद्धी मोजते, हा शतकभरापूर्वीचा समज त्यांच्या तोंडून बोलला, आणि तो कुठून आला हे तुमच्या मुलीला कळलं पाहिजे. तिच्या मनावरचं ओझं त्यानेच हलकं होईल, म्हणून जरा मागे जाते.

प्रवेशाच्या सामाईक परीक्षा सुरू झाल्या त्या विषयांच्याच. अमेरिकेत 1900 साली कॉलेज बोर्ड ही संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी तिने पहिली परीक्षा घेतली. 973 विद्यार्थी बसले. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित असे विषय आणि सविस्तर लिहायची उत्तरं. ज्या श्रीमंत निवासी शाळा याच परीक्षांसाठी मुलं घडवत, त्यांच्या मुलांना ती सोपी जाई. ज्याच्या शाळेत लॅटिनचा शिक्षकच नाही, त्याने काय करावं याचं उत्तर त्या परीक्षेजवळ नव्हतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकी सैन्याने सुमारे 17 लाख जवानांना मानसशास्त्रीय चाचण्या दिल्या. हजारो माणसं एकाच वेळी, कमी वेळात, भराभर उत्तरं देत आहेत, अशी ती रचना होती. त्या कामात असलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांनी पुढे तोच साचा प्रवेश परीक्षेसाठी वापरला. 23 जून 1926 रोजी सुमारे 8,000 मुलांनी पहिली 'स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' दिली, तीच सॅट. प्रश्न 315, वेळ 97 मिनिटं. भागून पाहा, एका प्रश्नाला साडेअठरा सेकंद येतात. अ‍ॅप्टिट्यूडच्या पेपरला जी घाई चिकटली ती अशी जन्मापासूनची आहे. हुशारीची व्याख्या करून कुणी ती ठरवलेली नाही, ती सैन्यभरतीच्या सोयीतून आली.

त्या घाईला काही शाश्वत अर्थ असता तर ती टिकली असती. 2024 पासून सॅट पूर्णपणे संगणकावर होते, तीत 134 मिनिटांत 98 प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला जवळजवळ 82 सेकंद. त्याच नावाची परीक्षा, आणि वेळ चौपटीहून जास्त! तुमच्या मुलीचे शेवटचे बारा प्रश्न राहिले यावरून तिच्या बुद्धीचा निकाल लावायचा असेल, तर तो आधी कुठल्या वर्षीच्या घड्याळाने लावायचा ते ठरवावं लागेल.

ब्रिगॅम यांची गोष्ट इथे संपत नाही. 1923 साली त्यांनी सैन्यातल्या गुणांवरून कुठल्या वंशाची बुद्धी जास्त आणि कुणाची कमी, असं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. 1930 मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. आणि 1990 साली तर कॉलेज बोर्डानेच चाचणीच्या नावातून 'अ‍ॅप्टिट्यूड' हा शब्द काढून 'असेसमेंट', म्हणजे मूल्यमापन, हा शब्द घातला. पुढे तोही गेला. आज सॅट ही नुसती तीन अक्षरं आहेत, त्यांचा विस्तार काहीच नाही. ज्यांची चाचणी त्यांनीच तो दावा सोडला, आपण मात्र घराघरांत अजून धरून बसलोय.

मग अ‍ॅप्टिट्यूडचा पेपर आणि विषयाचा पेपर यांत फरकच नाही का? आहे, पण भाऊ म्हणतात तो नाही. विषयाच्या पेपरात द्विपद प्रमेय विचारलं तर ते गेल्या एक-दोन वर्षांत शिकलेलं असावं लागतं. नाही शिकलं तर अडलं. अ‍ॅप्टिट्यूडच्या पेपरात गुणोत्तरावरचा प्रश्न किंवा एखादा उतारा येतो. गुणोत्तर आपण कधी शिकलो ते आठवतही नाही, आणि उतारा वाचण्याची ताकद दहा-बारा वर्षांच्या वाचनातून येते. शिकलेलं दोन्हीकडे असतं. एका पेपरात ते अलीकडचं आणि नेमकं असतं, दुसऱ्यात फार पूर्वीपासून, थोडं थोडं, घरी-दारी साठत आलेलं. अ‍ॅन अ‍ॅनास्टासी या मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर हेच सांगत राहिल्या की कुठलीही चाचणी विकसित झालेली क्षमता मोजते. कोरी, जन्मजात बुद्धी मोजणारी चाचणी नसतेच. त्याही आधी, 1927 मध्ये, ट्रुमन केली या मानसशास्त्रज्ञांनी नावं दोन म्हणून वस्तूही दोन असं समजण्याच्या चुकीवर बोट ठेवलं होतं, आणि बुद्धीच्या व संपादणुकीच्या, म्हणजे शिकलेलं मोजणाऱ्या, चाचण्यांचा फार मोठा भाग एकच आहे असं दाखवून दिलं होतं.

याचा पडताळाही झाला आहे. 1959 साली आयोवातल्या ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी सॅटला पर्याय म्हणून एसीटी ही परीक्षा काढली. शाळेत शिकलेलं मोजायचं, हा तिचा उघड हेतू. पण दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलांचे गुण शेजारी शेजारी मांडले तर सहसंबंध 0.9 च्या घरात येतो (1 म्हणजे गुणांचा मेळ अगदी तंतोतंत). एक कल मोजायला निघालेली, दुसरी अभ्यास मोजायला, आणि मुलांचा क्रम जवळपास एकच!

'कोणता पेपर खरं सांगतो' या तुमच्या प्रश्नावर माझ्या माहितीतला सगळ्यांत स्वच्छ पुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आहे. तिथे बरीच वर्षं अर्जदाराला सॅटही द्यावी लागे आणि विषयवार चाचण्याही. त्यामुळे एकाच मुलाचे दोन्ही गुण हाताशी होते. 1996 ते 1999 या काळात दाखल झालेल्या सुमारे 78 हजार विद्यार्थ्यांच्या पहिल्या वर्षाच्या निकालाशी ते ताडून पाहिले आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षाच्या गुणांत मुलामुलांमध्ये जो फरक पडला, त्यापैकी शालेय गुणांनी 15.4 टक्के उलगडला, विषयवार चाचण्यांनी 16 टक्के, सॅटने 13.3 टक्के. शालेय गुण आणि विषयवार चाचण्या एकत्र धरल्या तर 22.2 टक्के, आणि त्यांत सॅटची भर घातली तर 22.3.

त्या 22.2 आणि 22.3 वर जरा थांबा. विषयांचे गुण माहीत असताना अ‍ॅप्टिट्यूडच्या गुणांनी नवीन असं जवळजवळ काहीच सांगितलं नाही. भाऊ ज्याला 'नुसती घोकंपट्टी' म्हणतात, तीच पुढच्या वर्षाबद्दल जास्त सांगत होती. याला कारण आहे. चार-पाच विषय वर्षभर धरून ठेवायचे, न आवडलेला धडाही पुरा करायचा, चुकलेलं पुन्हा करायचं, हे सगळं त्या गुणांत मुरलेलं असतं, आणि पदवीला नेमकं तेच लागतं. दुसरी गोष्टही तितकीच खरी. सगळं एकत्र करूनही पाऊण हिश्शापेक्षा जास्त फरक कुठल्याच आकड्यात सापडला नाही. तो तब्येतीत, घरच्या परिस्थितीत, भेटलेल्या शिक्षकांत, विषयाच्या गोडीत होता.

त्या वेळी विद्यापीठाचे प्रमुख असलेले रिचर्ड अ‍ॅटकिन्सन स्वतः मानसशास्त्रज्ञ. एका शाळेत त्यांनी 12 वर्षांची मुलं तासन्‌तास शब्दसादृश्यं सोडवताना पाहिली, 'अमुकाचं तमुकाशी जे नातं तेच याचं कोणाशी' या धर्तीची, कशासाठी तर पुढे सॅट द्यायची म्हणून. मुलांचे वाचनाचे, प्रयोगांचे तास या कसरतीत जातात हे त्यांना सहन झालं नाही, आणि फेब्रुवारी 2001 मध्ये त्यांनी सॅटची सक्ती काढून विषयवार चाचण्या ठेवाव्यात असं सुचवलं. 2005 मध्ये सॅटमधून ती सादृश्यं गेली. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो. विषयाच्या पेपरची तयारी करणारं मूल प्रवेश नाही मिळाला तरी रसायनशास्त्र शिकून बसतं. अ‍ॅप्टिट्यूडच्या तयारीतून हाती राहतं ते बहुतेक त्या पेपरचं वळण. म्हणूनच 2021 मध्ये कॉलेज बोर्डाने त्या विषयवार चाचण्याच बंद केल्या याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तरीही अ‍ॅप्टिट्यूडची चाचणी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. जेम्स कोनंट 1933 साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले. नामांकित शाळांच्या बाहेरची मुलं शिष्यवृत्ती देऊन आणायची तर त्यांची पारख कशी करायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यासाठी त्यांनी सॅट वापरली. शाळेने वाऱ्यावर सोडलेल्या मुलाला 'माझ्याकडेही बघा' असं म्हणायला एक जागा लागते. कॅलिफोर्नियातही पुढे चित्र बदललं. 2020 च्या सुरुवातीला तिथल्याच प्राध्यापकांच्या समितीला चाचणीचे गुण शालेय गुणांपेक्षा जास्त बोलके आढळले, तरी मे महिन्यात नियामक मंडळाने सॅट आणि एसीटी टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं. उलट अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने दोन वर्षं बाजूला ठेवलेली चाचणी मार्च 2022 मध्ये परत आणली. त्यांचं म्हणणं असं की, ज्या मुलांच्या शाळांत वरच्या पातळीचं गणितच शिकवत नाहीत, त्यांची तयारी चाचणीच्या गुणांशिवाय दिसतच नव्हती. कधी हे माप उपयोगी, कधी ते. मुलाच्या मागे कसली शाळा उभी आहे, त्यावर ते ठरतं. तुमच्या मुलीला शाळा चांगली मिळाली, तिने तिचं सोनं केलं. तिच्या बाबतीत विषयांचे गुण हीच मोठी साक्ष आहे.

भाच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण त्याच्यासाठी दोन ओळी. 93 ही खरी कमाई आहे, तिला कमी लेखू नका. पण 'डोकं आहे' हे ऐकत ऐकत शाळेचे गुण जेमतेम राहत असतील तर पदवीचं पहिलं वर्ष त्याला जड जाईल. तिथे रोज बसावं लागतं.

मला स्वीडनची रीत आवडते. तिथे 1977 पासून एक राष्ट्रीय प्रवेश चाचणी आहे. विद्यापीठातल्या किमान एक तृतीयांश जागा शालेय गुणांवर भरतात आणि किमान एक तृतीयांश त्या चाचणीवर. विद्यार्थी दोन्ही यादींत असू शकतो, जिथे तो वर लागेल तिथून आत जातो. चाचणीचा निकाल आठ वर्षं चालतो आणि पुन्हा दिली तर चांगला तोच धरतात. तुमची लेक आणि तिचा मामेभाऊ अशा ठिकाणी दोन वेगळ्या दारांनी एकाच वर्गात जाऊन बसले असते, आणि कोणाचं डोकं मोठं हा वाद झालाच नसता.

आता करायचं काय. क्लासची घाई करू नका. सॅटच्या शिकवणीवर चांगले अभ्यास झाले आहेत. डोनाल्ड पॉवर्स आणि डोनाल्ड रॉक यांनी 1999 मध्ये मांडलेल्या हिशेबात शिकवणीचा फायदा दोन्ही विभाग मिळून 20-30 गुणांच्या आसपास निघाला, तोही 1600 पैकी. जाहिराती याच्या कितीतरी पट सांगतात. सवय होण्याचा फायदा मात्र मोठा असतो, आणि सवय घरीही होते.

या रविवारी तिला तसाच एक पेपर घड्याळाशिवाय सोडवू द्या. किती वेळ लागला ते तुम्ही टिपा, पण तिला सांगू नका. बिनघड्याळाचे गुण बरेच वर गेले, तर दुखणं वेगाचं आहे हे नक्की झालं. मला तसंच वाटतंय. गेले नाहीत तर चुका कुठल्या प्रकरणांत एकवटल्या आहेत ते बघा. बहुतेकदा तीन-चार जुन्या गोष्टी कच्च्या राहिलेल्या सापडतात. टक्केवारी, आलेख वाचणं, नकारार्थी वाक्यं, असलंच काही.

वेगासाठी सगळ्यांत आधी मोडायची ती चांगल्या विद्यार्थ्याची एक सवय. विषयाच्या पेपरात ती पहिल्या प्रश्नापासून क्रमाने, प्रत्येक उत्तर पुरतं पटल्यावरच पुढे जात असणार. तिथे ते शोभतं, इथे ते घात करतं. तिला पेपर दोन फेऱ्यांत सोडवायला शिकवा. पहिल्या फेरीत जो प्रश्न वाचताक्षणी वाट दाखवतो तोच घ्यायचा, बाकीच्यांवर खूण करून पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत उरलेले. सोडून पुढे जाणं तिला सुरुवातीला फार टोचेल, दोन-तीन पेपर तर गुण कमीही होतील. तेव्हा तिच्या पाठीशी राहा.

निगेटिव्ह मार्किंग आहे की नाही हे माहितीपत्रकात स्वतः वाचा. नसेल तर एकही गोल कोरा ठेवायचा नाही. चार पर्यायांचे बारा प्रश्न नुसते रंगवले तरी सरासरी तीन बरोबर येतात. हे तीन गुण तिने दोन्ही वेळा टेबलावर सोडून दिले आहेत. सॅटने 2016 पासून चुकीच्या उत्तराची वजावट बंद केली, पण प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा असतो.

सराव संबंधित परीक्षेच्या अधिकृत जुन्या किंवा नमुना पेपरांवरच करावा. क्लासने बनवलेले पेपर कधी विनाकारण अवघड असतात, तर कधी वळणच चुकीचं असतं. आठवड्याला एक पूर्ण पेपर पुरे, मधल्या दिवशी त्याच पेपरातल्या चुका. शिवाय रोज अर्धा तास तिच्या आवडीबाहेरचं काही वाचू द्या: अर्थशास्त्र, जीवशास्त्र, कायदा, काहीही. उतारे तिथूनच येतात. सहा आठवडे हे करा आणि विषयांचा अभ्यास तसूभरही कमी होऊ देऊ नका.

यादीबद्दल. जिथे विषयांचे पेपर लागतात ती विद्यापीठं यादीत वर घ्या, तिथे ती तिच्या जोरावर उभी आहे. अ‍ॅप्टिट्यूडवाली काढून टाकू नका, सहा आठवड्यांनंतरचा आकडा बघून ठरवा. जिथे दोन्ही एकत्र मोजतात तिथे कशाला किती भार आहे ते पाहा. भार लिहिलेला असतो, पण लोक तो वाचतच नाहीत.

ऐच्छिक ठिकाणी आपला आकडा तिथे प्रवेश मिळालेल्या मुलांच्या मधल्या आकड्याशी ताडून बघायचा. जवळपास असेल तर पाठवायचा. बऱ्यापैकी खाली असेल आणि शाळेचे गुण भक्कम असतील, जसे तिचे आहेत, तर न पाठवलेला बरा. फक्त एक ध्यानात असू द्या. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजने गुण ऐच्छिक केले होते, 2024 मध्ये ते पुन्हा सक्तीचे केले. तपासताना त्यांना आढळलं की साध्या परिस्थितीतल्या बऱ्याच मुलांनी आपले गुण कमी समजून लपवले, आणि तेच गुण त्यांच्या शाळेच्या मानाने पाहिले असते तर त्यांना उपयोगी पडले असते. तेव्हा भीतीपोटी लपवू नका, आकडा पाहून ठरवा.

आणि भावाशी बोला. तो ते वाक्य मुलीसमोर बोलला आहे, म्हणून तुमचं बोलणंही तिच्यासमोरच व्हायला हवं. भांडू नका. 'सोडवलेले बहुतेक बरोबर होते' एवढं सांगा आणि तो पेपर त्याच्या हातात द्या. चूक आणि कोरं यांतला फरक त्याला स्वतःला मोजू दे.